भुवईवरचे गंध

चैत्रातले ऊन ऐन माथ्यावर आले होते, आणि तरीही वडनेरच्या बाहेरच्या त्या खळ्यावर सावलीत एकही माणूस बसलेला नव्हता. सावली नव्हती असे नाही. बांधावर चांगले डेरेदार कडुनिंब उभे होते. पण रूपराव महाराजांचा दंडकच होता की दर्पणाला सावली चालत नाही. म्हणून शे-दीडशे बायामाणसे डोक्यावर पदर, दुपट्टे, कोणी सोयाबीनचे रिकामे पोते घेऊन तापल्या मातीत निमूट बसली होती.

"अंधारात कोन काम करते?" महाराज चौरंगावरून विचारत होते. "चोर करते. मी काऊन अंधारात बसू? माह्यं सगळं उघड्यावर. वर सूर्यनारायण, खाली तुमी. पाहून घ्या, माह्या कफनीले खिसा बी नाई."

त्यांच्या हातात तळव्यात मावेल अशी एक चपटी वस्तू होती. तिला चहूबाजूंनी लाल फडके घट्ट शिवलेले, फडक्यावर शेंदूर, आणि एका बाजूला तेवढी काळी काच उघडी. हेच ते सूर्यदर्पण. महाराजांनी ते पहिल्या ओळीतल्या एका म्हाताऱ्यापुढे धरले.

"काय दिसते, बुवा?"

"काई नाई जी. आभाळ दिसते."

"तुले, माय?"

"माह्यंच तोंड."

"तेच तर. जित्या माणसाले जितं तोंडच दिसन. मेलेल्या माणसाले पाहाचं असन तर त्याले हाक द्या लागते."

मग महाराज घंटा बडवीत. ती अशी जोरात वाजे की बांधावरचे कावळे उडत. मग त्या म्हाताऱ्यावर आणि दर्पणावर मिळून एक काळे घोंगडे पडे, सगळे श्वास रोखून बसत, आणि थोड्या वेळाने घोंगड्याखालून हुंदका ऐकू येई. आत म्हाताऱ्याला त्याची मेलेली बायको दिसलेली असे.

गर्दीच्या कडेला एकच छत्री उघडी होती. काळी, लांब दांड्याची, पुरुषी छत्री. ती मिटायला सांगण्याची हिंमत कोणी केली नव्हती, कारण छत्रीखाली सुलोचनाबाई उभ्या होत्या. हिंगणघाटच्या एका शाळेत त्यांनी उभा जन्म भूगोल शिकवला आणि मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झाल्या. गावातल्या निम्म्या लेकीसुनांनी त्यांच्या हातची छडी खाल्लेली होती. त्या आल्या होत्या भागीरथेला घरी न्यायला.

भागीरथा त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहणारी. तिचा तरणाताठा मुलगा निकेश विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला. त्याचा एकच फोटो होता, शाळेच्या ओळखपत्रावरचा. तो मोठा करताना फोटोवाल्याने विचारले होते, "अंगात काय घालू?" या बाजूला ती रीतच आहे, गेलेल्या माणसाला फोटोवाला मागाल ते कपडे चढवून देतो. भागीरथेने निळा कोट आणि टाय सांगितला होता.

आदल्या गुरुवारी खळ्यावरून परत येताना ती बाईंच्या ओट्यावर आली होती आणि तिचा चेहरा नुसता उजळून निघाला होता.

"बाई, दर्पणात पोरगा कोट घालूनच आला. निळा कोट. टाय बी."

"भागीरथा, निकेशने जन्मात कधी कोट घातला होता का?"

"नाई ना. म्हनून तर म्हंते. मी त्याले फोटोत दिला, अन् तो त्याले तिकडं पोचला."

सुलोचनाबाईंना तत्क्षणी उमगले की त्या भामट्याने भागीरथेला तिच्याच भिंतीवरचा फोटो दाखवला आहे. कसा दाखवला, एवढेच शोधायचे होते. ते शोधून चारचौघांत सांगायचे, या निश्चयाने त्या खळ्यावर आल्या होत्या.

"छत्रीवाल्या बाईले पुढं येऊ द्या," महाराज एकाएकी म्हणाले. "बाई, तुमच्या मांगं एक जन उभे हायेत. चष्मा हाये. बोलत नाईत. नुसती वाट पाहून राह्यले."

सुलोचनाबाई पुढे झाल्या. दर्पणात त्यांना ना आभाळ दिसले ना तोंड. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. उन्हात सगळे जग त्यांना दूध सांडल्यासारखे पांढरे दिसे; काळोखात, डोळ्यांशी धरलेले तेवढे बरे दिसे. पुढच्या सोमवारी सावंगीच्या दवाखान्यात उजव्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले होते. घंटा वाजली. घोंगडे पडले. आत मेंढराचा वास आणि काळोख.

आणि त्या काळोखात प्रभाकरराव होते.

तोच जाड काड्यांचा चष्मा. 'हसू नका' म्हटल्यावर ओठांच्या कोपऱ्यात अडवून धरलेले तेच हसू. खांद्याजवळ पांढरेशुभ्र तेज फाकलेले. आणि कपाळावर गंध. ज्या माणसाने लग्नाच्या दिवशीसुद्धा गंध पुसून टाकले होते, त्याच्या कपाळावर गंध. तेही धड मध्यभागी नव्हते. आरशाशिवाय लावल्यासारखे डाव्या भुवईवर उतरले होते. शर्टाची बटणेही वरखाली लावणारा माणूस, तिकडे कोण नीट लावून देणार, असे त्यांच्या मनात आले.

'हा फोटो आहे' असे ओरडायचे ठरवून त्या घोंगड्याखाली गेल्या होत्या. तोंडून निघाले ते निराळेच.

"अहो," त्या म्हणाल्या.

मार्गशीर्षात प्रभाकरराव गेल्यापासून हा शब्द त्यांनी उच्चारला नव्हता. उच्चारायला घरात कोणी नव्हतेच.

घोंगडे निघाले तेव्हा महाराज हळू आवाजात म्हणाले, "गंध पाह्यलं ना? तिकडं गेल्यावर सगळेच लावतेत. अन् एक ध्यानात ठेवजा, बाई. डोळ्याले शस्त्र लावू नका. शस्त्र लागलं का दर्पण मिटते. मंग ते आले तरी तुमाले दिसाचे नाईत."

घरी येऊन सुलोचनाबाईंनी पुतणीला फोन केला. नमिता, त्यांच्या धाकट्या दिराची मुलगी, सावंगीलाच डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती. ऑपरेशनची सगळी व्यवस्था तिनेच केली होती.

"सोमवारचे रद्द कर," बाई म्हणाल्या.

"का, काकू?"

"मी सांगते म्हणून."

फोन ठेवल्यावर त्या दार लावायला गेल्या. त्या दाराला दोन कड्या होत्या. वरची कडी प्रभाकरराव लावीत. बाईंचा हात तिथवर पोचत नसे. चार महिने ते दार खालच्या एकाच कडीवर लागत होते आणि वारा आला की रात्रभर वरून खडखडत होते. मुलगा मिहिर बंगळूरहून दर रविवारी फोन करी आणि "सगळे ठीक ना?" विचारी. बाई "ठीक" म्हणत. दाराच्या खडखडाटाबद्दल सांगण्याजोगे त्यात काय होते?

पुढच्या गुरुवारी सुलोचनाबाई पुन्हा खळ्यावर गेल्या. त्याच्या पुढच्या गुरुवारीही गेल्या. छत्री त्यांनी घरीच ठेवली आणि पदर डोक्यावर घेऊन त्या चारचौघींसारख्या मातीत बसल्या. भागीरथेने सरकून त्यांना जागा दिली. इतके कडक ऊन, इतकी माणसे, आणि प्रत्येक जण आपापल्या घोंगड्याची एकट्याने वाट पाहत होता.

नमिता एका रविवारी न सांगता येऊन थडकली.

"काकू, मोतीबिंदू फार पिकला तर पुढे डोळा वाचवणे कठीण होते. काय कारण आहे, मला कळू तरी द्या."

"मुहूर्त नाही."

"तुम्ही मुहूर्त पाहायला कधीपासून लागलात?"

नमिता रागाने उठली आणि नेहमीप्रमाणे काकांच्या तसबिरीपुढे हात जोडायला मधल्या खोलीत गेली. तिथूनच तिने विचारले, "काकू, काकांच्या भुवईवर गंध कोणी लावलं?"

"भुवईवर नाही, कपाळावर. रोज सकाळी मीच लावते. ते असते तर लावू दिले नसते, म्हणून आता लावते."

"कपाळावर कुठे? डाव्या भुवईवर आहे. अगदी चष्म्याला टेकलंय."

सुलोचनाबाई जागच्या उठल्या. तसबिरीशी तोंड नेले, तरी काचेवर दारातले ऊन चमकत होते, धुक्याखेरीज काही दिसेना. मग त्यांनी बोट काचेवर फिरवले. बोटाला वाळलेल्या गंधाची खपली लागली. दोन्ही हातांनी चौकटीच्या दोन्ही कडांपासून वीत धरून त्यांनी मध्य काढला, आणि पुन्हा बोट ठेवले. खपली मध्यापासून चांगली बोटभर बाजूला होती.

त्या खाली बसल्या.

"नमिता," त्या म्हणाल्या, "माझे डोळे गेले म्हणून माझा हात चुकला. हे परलोकात कोणाला कळणार? हात चुकला तो या काचेवर."

मग त्यांनी सगळे सांगितले. काही वगळले नाही. 'अहो' म्हटलेले तेवढे सांगितले नाही.

"या खोलीत कोण आले होते?" नमिताने विचारले.

"होळीच्या आधी महाराजांची एक शिष्या आली होती, रीता नावाची. पांढरे पातळ, गोड बोलणे. म्हणाली, तसबिरीपुढे उदबत्ती लावते, तुम्ही विहिरीचे ताजे पाणी आणा. मी मागल्या अंगणात गेले."

"तेवढ्यात तिने या तसबिरीचा फोटो काढला. खांद्याजवळचं तेज म्हणजे फ्लॅशचा उजेड, काचेवर उमटलेला. काकू, ते दर्पण म्हणजे साधा डिजिटल कॅमेरा आहे."

"पण त्या काचेत काही नसते. महाराज सगळ्यांना ती आधी दाखवतो. शंभर माणसे खोटे बोलतील का?"

"मिहिरदादाने दिवाळीत दिलेला कॅमेरा कुठे आहे?"

"पेटीत. तो पहिल्याच दिवशी बिघडलेला निघाला. भर दुपारी अंगणात आम्ही दोघांनी किती खटपट केली. मागची काच काळी ती काळीच. हे म्हणाले, मिहिरला सांगू नकोस, पोराला वाईट वाटेल."

नमिताने दुकानातून नवे पेन्सिल सेल आणले. मधल्या खोलीत बटण दाबताच कॅमेऱ्याने 'टिणिंग' असा आवाज केला आणि मागची काच लख्ख उजळली.

"हा आवाज," बाई म्हणाल्या, "म्हणून तो घंटा बडवतो."

नमिताने त्यांच्या हाताला धरून त्यांना अंगणात नेले. उन्हात येताच काच काळीठिक्कर झाली. स्वतः नमितालाही त्यात आपला चेहरा आणि मागचे आभाळ एवढेच दिसत होते. उंबरठ्याच्या आत आल्या; काच पुन्हा उजळली. बाईंनी तिला पुन्हा बाहेर नेले, पुन्हा आत आणले. शाळेत एखादा प्रयोग पुरता पटेपर्यंत त्या मुलींकडून असाच करवून घेत.

"विझत नाही ती," त्या पुटपुटल्या. "उन्हापुढे तिचा उजेड थिटा पडतो, एवढेच. मी इतकी वर्षे वर्गात विचारत आले की दिवसा चांदण्या कुठे जातात. त्या कुठेच जात नाहीत."

नमिता कॅमेऱ्याची बटणे दाबत होती. ती थांबली. "काकू, यात दिवाळीचा एक फोटो आहे. काका आहेत."

सुलोचनाबाईंनी चटकन काचेवर हात ठेवला.

"आत्ता नको. या डोळ्यांना नको. ऑपरेशनची नवी तारीख घे. मला नीट दिसायला लागले की दाखव."

त्यानंतरच्या गुरुवारी काळी छत्री पुन्हा खळ्यावर उघडली. या वेळी ती कडेला थांबली नाही. थेट चौरंगापर्यंत गेली.

"महाराज," बाई म्हणाल्या, "माझी पुतणी आली आहे. तिला आपला फोटो हवा आहे."

महाराज खूश झाले. छाती काढून बसले. "काढा, काढा. माह्यं सगळं उघड्यावर हाये."

नमिताने भर उन्हात कळ दाबली आणि कॅमेरा बाईंच्या हातात दिला. त्यांनी तो पदरात गुंडाळून मागची काच तेवढी उघडी ठेवली आणि गर्दीकडे वळून ज्या आवाजाने एके काळी सगळे पटांगण गप्प होई त्या आवाजात विचारले, "काय दिसते? खरे ते सांगा."

"काई नाई, बाई. माह्यंच तोंड दिसते."

"मले बी."

"भागीरथा, इकडे ये."

भागीरथा आली. बाईंनी छत्री खाली आणून तिच्या डोक्याला नि कॅमेऱ्याला मिळून झाकली. छत्रीखाली काळोख झाला.

"कोण दिसते?"

"महाराज दिसतेत," आतून आवाज आला. "चौरंगावर बसून हायेत."

सुलोचनाबाई वळल्या. "महाराज, दर्पणात मेलेली माणसे दिसतात, असे तुम्हीच सांगता. आपण कधी वारलात?"

क्षणभर कोणालाच उलगडा झाला नाही. मग मागच्या ओळीत तानबा, गावाबाहेरच्या वीटभट्टीचा मालक, खो खो हसत सुटला. "मंग तेरवीचं जेवन कवा हाये, महाराज?" आणि ते हसू सगळ्या खळ्यावर पसरले.

"बाईच्या यंत्रात भूत हाये," महाराज उठत म्हणाले. "मी इथं थांबत नाई."

"थांबायचे," बाई म्हणाल्या. "फडके सोडल्याशिवाय कोणी जायचे नाही."

महाराजांची मूठ तानबाने उघडली. लाल फडके उसवले आणि आतून चंदेरी कॅमेरा निघाला, बाईंच्या हातातल्यासारखाच. बाईंनी पहिली आज्ञा कोणती दिली असेल तर ती सगळ्यांनी कडुनिंबाखाली जाण्याची. इतके गुरुवार उन्हात होरपळलेली माणसे सावलीत दाटीवाटीने उभी राहिली आणि त्यांनी छत्रीशिवाय, घोंगड्याशिवाय, घंटेशिवाय त्या काचेत पाहिले. एकामागून एक तसबिरी होत्या. कोणाच्या कडेला हाराचे फूल आलेले, कोणाच्या कोपऱ्यात खुंटीवरचा टॉवेल.

"हे माह्या घरचं घड्याळ हाये," एक बाई म्हणाली. "बंद पडलेलं. त्या रीतानं तवा मले पाणी आनाले धाडलंतं."

रीताबाई तोवर रस्त्याला लागलेली होती. महाराजही संध्याकाळच्या एसटीने गेले ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत.

गर्दी पांगली, भागीरथा मात्र झाडाखालीच बसून राहिली. सुलोचनाबाई तिच्याजवळ गेल्या.

"बाई, तुमी मोठं काम केलं," ती मान वर न करता म्हणाली. "पन आता मी त्याले कुठं पाहू? तिथं तरी तो येत होता. आता कोट बी नाई पोचला म्हना."

बाईंनी छत्री मिटली आणि त्या तिच्याशेजारी बांधावर मांडी घालून बसल्या.

"नाही पोचला," त्या म्हणाल्या. "आणि माझे गंधही नाही पोचले. पण भागीरथा, तो कोट त्याला द्यावा असे तुला वाटले ना? ते वाटणे त्या भामट्याने दिलेले नाही. तो फोटोही त्याचा नाही, तुझा आहे. आपल्याच भिंतीवरचे चोरून त्याने आपल्यालाच दाखवले, आणि वर मला आंधळी करून ठेवणार होता. मी पुरती आंधळी झाले असते तर तोच म्हणाला असता की दर्पणात तेवढे दिसते ना, मग पुरे."

"तुमाले तर समजते सगळं. मंग तुमी काऊन जात होत्या?"

"एकटी पडले होते म्हणून," सुलोचनाबाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी मिहिरलाही कधी सांगितले नव्हते.

ऑपरेशन झाले. पट्टी निघाली त्या दिवशी नमिता त्यांना घरी घेऊन आली; भागीरथा दारातच उभी होती. बाईंनी आधी तसबिरीकडे पाहिले. डाव्या भुवईवर गंधाचा एवढा थर साचला होता की प्रभाकरराव एका डोळ्याने रागावल्यासारखे दिसत होते. बाईंनी ओल्या फडक्याने काच पुसली. नवे गंध लावले नाही.

मग त्या मधल्या खोलीत पाठ उजेडाकडे न करता, सावलीत बसल्या आणि म्हणाल्या, "दाखव."

फोटो वाईटच होता. डोके वरून अर्धे कापलेले. प्रभाकरराव अंगणात उभे होते, शर्टाचे एक बटण चुकलेले, उन्हाने डोळे बारीक केलेले, आणि तोंड उघडे; बहुधा "निघाला का?" असे विचारत असावेत. निघाला होता. त्या दुपारी दोघे दोन पावले घरात आले असते तर त्यांनी मिळून तो पाहिला असता.

भागीरथेने वाकून पाहिले. "हा तरी खरा हाये का, बाई?"

"फोटो खरा आहे. ते नाहीत, हेही खरे आहे. दोन्ही सोसायचे."

त्यानंतर गुरुवारी भागीरथा बाईंच्या ओट्यावर येऊ लागली, निकेशची तसबीर पदराखाली धरून. इतरही दोघी-तिघी येत. बाई त्यांना एकच गोष्ट बजावत, आणि ती इथेही तितक्याच स्पष्टपणे सांगायची आहे. दुःख झालेल्या माणसाची बुद्धी कमी होत नाही. ती फक्त दिपते, उन्हातल्या त्या काचेसारखी. अशा वेळी जो कोणी चमत्कार दाखवील त्याला एवढेच विचारावे की ही वस्तू माझ्या हातात द्या, सावलीत न्या, फडके सोडा. खऱ्याला त्याचे भय नसते. आणि डॉक्टरकडे जाऊ नका, असे जो सांगतो, त्याला तर प्रश्नही विचारू नये, उठून निघावे.

त्याच आठवड्यात सुलोचनाबाईंनी सुताराला बोलावले आणि दाराची वरची कडी काढून आपला हात पोचेल इतक्या उंचीवर बसवून घेतली. रात्री त्यांनी ती स्वतः लावली. दार वाजले नाही.